जुन्या अंतराळयानाचे करडे पंख पुन्हा पुन्हा पिवळे का पडतात: तीनदा चुकल्यानंतरची टिपणं

पहिल्यांदा रंग घालवणाऱ्या पेरॉक्साइडमधून काढलेले पंख बघितले तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवले होते. दीड वर्षाने तेच पंख बघून तिने मला हाक मारली.

यान म्हणजे लेगोच्या प्लास्टिक ठोकळ्यांनी जोडायचं खेळण्यातलं 'गॅलेक्सी एक्सप्लोरर'. १९७९ सालचा संच, युरोपात क्रमांक ९२८, अमेरिकेत ४९७. तुकडे ३३८. निळं धड, करडे पंख, पिवळी पारदर्शक काच, चार अंतराळवीर (दोन लाल, दोन पांढरे) आणि मागचं दार उघडलं की आतून निघणारी छोटी गाडी. मस्कतला नोकरी करणाऱ्या मामाने १९८१ च्या मे महिन्यात ते आणलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या आळीत तेव्हा अंतराळयान म्हणजे काड्यापेटीला चिकटवलेली चांदी होती. पुढची चार वर्षं मी दुसरं काही खेळलो असेन असं वाटत नाही.

मग दहावी, कॉलेज, नोकरी. यान सुटं होऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं आणि डबा रत्नागिरीच्या घरी माळ्यावर, कौलांच्या खाली. २०१८ ला कौलं उतरवली तेव्हा तो सापडला. निळे तुकडे बरे होते. करडे तुकडे मात्र जुन्या दाताच्या रंगाचे झाले होते आणि पांढऱ्या अंतराळवीरांना कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

मी ते तीनदा पांढरे केले: २०१८, २०२०, २०२२. दोनदा पिवळेपणा परत आला. तिसऱ्यांदा जे घडलं ते वेगळंच होतं, त्याबद्दल पुढे. तुमचंही असंच होत असेल तर पुन्हा बाटली विकत आणण्याआधी हे वाचा. रंग घालवणं सोपं आहे, तो परत का येतो हे शोधायला मला चार वर्षं लागली.

तो खरंच पिवळेपणा आहे का?

माळ्यावरून आलेल्या तुकड्यांवर चुलीचा धूर, तेलकट हवा, धूळ आणि झुरळांची कृपा असते. त्यामुळे आधी फक्त धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार थेंब, मऊ टूथब्रश. पाणी ४० अंशांच्या वर नको. लेगोचीही हीच मर्यादा आहे आणि लांब, पातळ पट्ट्यांच्या बाबतीत ती खरोखर पाळावी. हाताला सहन होईल ते पाणी चालेल असं समजू नका, आमच्या घरात गीझरच्या पाण्याने आंघोळ करणारे लोक काय काय सहन करतात ते मला माहीत आहे. माझ्याकडचे निम्मे 'पिवळे' तुकडे नुसत्या धुण्याने ठीक झाले. मळ होता.

वाळवायला गच्चीत उन्हात टाकू नका. जुन्या टॉवेलवर, पंख्याखाली, खोबण्या खाली करून. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यात करा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात आणि तुम्हाला वाटतं प्लास्टिक खराब झालं.

रबरबँड हा वेगळा विषय. मामाने प्रत्येक रंगाची पिशवी रबरबँड लावून दिली होती आणि ते सगळे वितळून तुकड्यांना चिकटले होते. नखाने, मग खोडरबराने घासून निघतात. वेळ लागतो. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, त्यातल्या ॲसिटोनने ठोकळाच विरघळतो. आईने डब्यात प्रेमाने डांबरगोळ्याही टाकल्या होत्या. स्टायरीन असलेल्या प्लास्टिकला त्यांची वाफ मानवत नाही. पुन्हा डबा भरताना त्या बाहेर.

धुऊन वाळल्यावर दिवसाच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर तुकडा ठेवून बघा. रात्री पिवळट बल्बखाली बघून निर्णय घेऊ नका. एक गंमत सांगतो. यान जोडून ठेवलं असताना काचेजवळचे करडे तुकडे मला कायम जास्त पिवळे दिसायचे. काच काढली आणि ते करडे झाले. पिवळ्या काचेतून आलेला उजेड त्यांच्यावर पडत होता.

पिवळं पडतं ते कशामुळे

लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लास्टिकचे आहेत. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांचं मिश्र कुटुंब. त्याआधीचे सेल्युलोज ॲसिटेटचे ठोकळे कालांतराने वाकायचे, त्यामानाने हे फारच गुणी. यातला ब्युटाडाइन हा रबरासारखा. ठोकळा फरशीवर पडून फुटत नाही तो त्याच्यामुळे. पण हवेतला ऑक्सिजन सगळ्यात आधी त्याच्यावरच चाल करतो, आणि उन्हातले अतिनील किरण व उष्णता त्या कामाला वेग देतात. यातून जी नवी रसायनं तयार होतात ती निळा प्रकाश शोषतात. निळा गेला की डोळ्यांना उरतं ते पिवळं. जुन्या संगणकांची, व्हिडिओ गेमच्या यंत्रांची आवरणं पिवळी पडतात तोच हा प्रकार, त्यामुळे एका कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड काय करतं, तर ही रंगीत रसायनं मोडतं. म्हणून तुकडा पुन्हा करडा दिसतो. पण ब्युटाडाइन तिथेच असतो, ऑक्सिजनही तिथेच असतो. भिंतीला ओल असताना वरून डिस्टेंपर मारल्यासारखं आहे ते. भिंत त्या दिवशी छानच दिसते.

पेरॉक्साइड वापरायचंच असेल तर

ही पद्धत जुन्या संगणकांच्या शौकिनांनी २००८ च्या सुमारास लोकप्रिय केली, तेव्हापासून लेगोवालेही तीच करतात. मेडिकलच्या दुकानात मिळणारं साधं द्रावण पुरतं. बाटलीवर १० व्हॉल्यूम असेल तर ते साधारण ३ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. ६ पुष्कळ झालं. पार्लरमध्ये केसांसाठी वापरतात ते डेव्हलपर क्रीम १२ टक्क्यांपर्यंत मिळतं, ते टाळा. का ते सांगतो. रसायनांच्या दुकानातून ३० टक्क्यांचं आणायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. हातमोजे आणि चष्मा ६ टक्क्यांनाही हवा. बोटाला लागलं की कातडी पांढरी पडते आणि चांगलं झोंबतं.

काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं घ्या. आईची पितळेची परात नको, ॲल्युमिनियमचं पातेलं नको, धातूने पेरॉक्साइड लवकर फुटतं. घट्ट झाकणाची बरणी तर नकोच, कारण आत ऑक्सिजन साठत जातो आणि झाकण उडतं. वर सैल क्लिंग फिल्म पुरते. ब्लीचिंग पावडर, व्हिनेगर यातलं काहीही त्यात मिसळू नका.

ठोकळे तरंगतात. हे कुणी सांगत नाही. तरंगणाऱ्या तुकड्याचा वरचा भाग कोरडा राहतो आणि तिथे पट्टा उमटतो. मी वर काचेची बशी उपडी ठेवतो. पट्टीच्या खालच्या पोकळीत बुडबुडे अडकतात, तिथेही डाग राहतो, म्हणून तासाभराने ढवळायचं. मे महिन्यात पुण्यातल्या गच्चीत चार ते सहा तास पुरतात. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये. दर तासाला एक तुकडा काढून बघा आणि 'अजून थोडं' असं वाटायला लागलं की तिथेच थांबा.

निळे आणि लाल तुकडे शक्यतो बुडवू नका. जास्त वेळ राहिले की पांढुरके, खडू फासल्यासारखे होतात, आणि तो रंग परत येत नाही. अंतराळवीरांच्या छातीवरचा सोनेरी ग्रह आणि त्याभोवती फिरणारं लाल यान हे छापील असतं. धड बाहेर ठेवा, पाय काढून तेवढेच बुडवा. छापील आणि स्टिकरचे तुकडे कोरड्या कपड्याने पुसण्यापलीकडे काही करू नये असं माझं मत आहे. संचातली खड्ड्यांची मोठी जमीन ३२ बाय ३२ खुंट्यांची (खुंटी म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा), म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटरची आणि पातळ. तिच्या मापाचं भांडं घरात सापडत नाही आणि उन्हात ती वाकू शकते. माझी अजून पिवळीच आहे. चंद्रावरची जमीन कुठे पांढरीशुभ्र असते!

पहिली चूक: पश्चिमेची खिडकी

२०१८ ला पंख चकाचक झाल्यावर मी यान दिवाणखान्यात पश्चिमेच्या खिडकीशेजारी ठेवलं. दुपारी तीननंतर ऊन यायचं. काच बंद होती, त्यामुळे मला वाटलं किरण अडतात. साधी खिडकीची काच सगळे अतिनील किरण अडवत नाही, त्यातल्या लांब लहरींचा बराच भाग आत येतो.

२०१९ संपता संपता पिवळेपणा परत. पण आता त्यात एक खूण होती, ती तेव्हा मला वाचता आली नाही. यान उघडलं तर ज्या पट्टीवर दुसरी पट्टी बसली होती तिथे स्वच्छ करडा चौकोन होता. खिडकीकडचा पंख जास्त पिवळा, आतल्या बाजूचा कमी. अंतराळवीर उभा होता तिथे त्याच्या पायांच्या आकाराची करडी जागा.

अशी कडा दिसली, सावलीचा ठसा दिसला, तर कारण उजेड. उपायही सरळ आहे: जागा बदला.

दुसरी चूक: लोखंडी कपाट

२०२० च्या मे महिन्यात घरी बसून दुसरं काही करायला नव्हतं. सगळं पुन्हा बुडवलं, पुन्हा लखलखीत. आणि या वेळी शहाणपणा करून यान सुटं केलं, पिशव्यांत भरलं आणि लोखंडी कपाटात बंद केलं. अंधार. आता काय बिशाद!

पुढच्या दिवाळीत कपाट आवरताना पिशवी उघडली, तर तुकडे पुन्हा साईच्या रंगाचे. या वेळी मी सरळ चिडलो. पेरॉक्साइडच पाणचट असेल, दुकानदाराने जुनी बाटली दिली असेल, सगळ्यांना दोष देऊन झाला.

तुकडे नीट बघितले असते तर दिसलं असतं की पिवळेपणा सगळीकडे सारखा होता. वर, खाली, खोबणीच्या आत. ठसा नाही, कडा नाही. उजेडाने असं होत नाही. ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून होतं आणि त्या भिंतीवर दुपारभर ऊन. एप्रिलमध्ये मी आत स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवून बघितला, दुपारी ४१ दाखवत होता. रत्नागिरीच्या माळ्यावर कौलांखाली तीसहून जास्त उन्हाळे याहून वेगळं काय झालं असणार? तिथेही अंधारच होता की.

तेव्हा खूणगाठ बांधा. एका बाजूने पिवळं म्हणजे उजेड, सगळीकडून सारखं म्हणजे उष्णता. मी विचारलेल्या प्रत्येकाने मला 'उन्हात ठेवू नका' एवढंच सांगितलं होतं. उकाड्याचं कुणी बोललं नाही, बहुधा थंड देशातल्या लोकांना त्याची गरज पडत नसावी.

सध्या यान आतल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर आहे, कमरेच्या उंचीवर. फ्रिजवर नाही, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सशेजारी नाही, पोटमाळ्यावर तर नाहीच. वरच्या फळीपेक्षा खालची फळी बरी, गरम हवा वर जाते.

तिसरी चूक, आणि ती सगळ्यात मोठी

२०२२ ला लेगोने या यानाची नवी, मोठी आवृत्ती काढली. क्रमांक १०४९७, तुकडे १२५४. भाचा जर्मनीत असतो, तो येताना घेऊन आला. एकेकाळी मामाने भाच्याला दिलं, आता भाच्याने मामाला. दोघांनी मिळून तीन रात्री बसून ते जोडलं आणि जुन्याच्या शेजारी ठेवलं.

आणि माझं जुनं यान भयंकर पिवळं दिसायला लागलं.

दुसऱ्या फेरीनंतरचा पिवळेपणा होताच, पण हे त्याहून कितीतरी जास्त वाटत होतं. ऑक्टोबरचं ऊन होतं. मेडिकलमधल्या द्रावणाने भागेना म्हणून मी पार्लरचं १२ टक्क्यांचं क्रीम आणलं, ब्रशने फासलं, गच्चीत ठेवलं. क्रीम कडांना आधी सुकलं. सुकलेल्या जागी पांढरे ओघळ उमटले, संगमरवरासारखे. पुसून जात नाहीत. एवढं करून पंख नव्या यानासारखे झाले का? नाही. फिके झाले, पण नव्याच्या शेजारी तरी पिवळसरच.

भाच्यानेच मग विचारलं, "मामा, तुम्हाला खात्री आहे का, की हा करडा मुळात तसाच होता?"

नव्हता. लेगोने २००४ च्या सुमारास आपला करडा रंग बदलला. आधीचा करडा किंचित उबदार, राखेसारखा. नंतरचा निळसर झाक असलेला. गडद करड्याचंही तेच झालं. म्हणजे १९७९ सालचा अगदी कोरा, डब्यातून आज काढलेला तुकडाही आजच्या तुकड्याशेजारी पिवळसरच दिसेल. मी तिसऱ्या फेरीत जो रंग घालवायला निघालो होतो त्यातला बराच रंग मूळचाच होता. हरवलेल्या पट्ट्यांच्या जागी मी दोन नव्या बसवल्या होत्या, त्यांनीही मला इतकी वर्षं हेच फसवलं होतं.

म्हणून तुलना कुणाशी करायची ते आधी ठरवा. नव्या संचाशी नको, मोबाइलवरच्या फोटोशी तर अजिबात नको. तुमच्याच संचातला असा तुकडा शोधा जो लहानपणापासून दुसऱ्या तुकड्याखाली झाकलेला राहिला. माझ्याकडे इंजिनाच्या आत दोन खुंट्यांची एक करडी पट्टी होती. तिच्यावर आणि खाली कायम काहीतरी बसलेलं, आणि माझ्या सुदैवाने ती घट्ट बसल्यामुळे कधी सुटी करून बुडवलीच नव्हती. अगदी सगळं यान सुटं झालेलं असेल तर खोबणीच्या आतल्या, भिंतीच्या कोपऱ्यातला रंग बघा. हवा तिथेही पोचते, त्यामुळे तो शंभर टक्के मूळ नसेल, पण नव्या तुकड्यापेक्षा खरा असेल.

बदलीचे तुकडे घ्यायचे असतील तर विकणाऱ्याला 'जुना करडा' असं स्पष्ट सांगा. फक्त 'करडा' म्हटलं की निळसरच येतो.

हेल्मेटबद्दल थोडं

बऱ्याच जणांचा दुसरा प्रश्न असतो हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्टीचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या हेल्मेटना ती बारीक होती आणि अगदी मधोमध तुटते. माझ्या चारपैकी तीन तुटली आहेत. पुढे ती जाड केली गेली. जाड पट्टीचं हेल्मेट जुन्या अंतराळवीराला बसतं, पण बघणाऱ्याला लगेच कळतं. गोंदाने जोडलेली पट्टी दुसऱ्यांदा हेल्मेट घालताना पुन्हा तुटते, मी दोनदा करून बघितलं. न तुटलेलं एक हेल्मेट आहे, ते लाल अंतराळवीराच्या डोक्यावर कायमचं आहे. काढायचं नाही असं घरात सांगून ठेवलं आहे.

आता काय करतो

पेरॉक्साइड बंद. ओघळ उमटलेले पंख तसेच लावले आहेत, ओघळांची बाजू खाली. पिवळेपणा वाढतोय की नाही हे डोळ्यांवर सोडायचं नाही, कारण डोळे रोज बघून सरावतात. इंजिनातली ती झाकलेली पट्टी मी बाहेर काढली आणि छोट्या पिशवीत घालून आतल्या कपाटाच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवली. वर्षातून दोनदा, उन्हाळा संपल्यावर आणि ऑक्टोबर संपल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास सावलीत ती पट्टी आणि डाव्या पंखाची एक पट्टी एकाच पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढतो. एकाच फोटोत दोन्ही हवेत. दोन वेगळे फोटो घेतले की कॅमेरा रंग आपल्या मनाने ठरवतो.

यंदाच्या जूनचा फोटो गेल्या जूनच्या फोटोशेजारी ठेवला. दोन्हींत पंख पट्टीपेक्षा थोडा फिका आहे, तो २०२२ च्या क्रीमचा प्रताप. फरक वाढलेला नाही.